बाबांना सिनेमा सांगताना

चरईवाली | रविवार, रात्री १०:५५

आमचं घर ठाण्यात, चरईत. बाबा ७४ वर्षांचे. काचबिंदूने उजवा डोळा आधीच निकामी झाला होता, डावाही दोन वर्षांपूर्वी गेला. आता खिडकी कुठल्या बाजूला आहे एवढंच त्यांना कळतं. नोकरीभर कोर्टात स्टेनो होते. सिनेमाचं वेड असं की ऑफिस सुटलं की परस्पर टॉकीजला. मल्हारला काय लागलंय, वंदनाला काय, गणेशला काय, हे अख्खी गल्ली त्यांनाच विचारायची.

डोळे गेल्यावर सहा महिने त्यांनी टीव्हीचं नाव काढलं नाही. मग एका रात्री म्हणाले, "तू बघतेस ना? मग मला सांगत जा." तेव्हापासून मी सांगते. आठवड्याला एक सिनेमा आणि रोज जेवताना आईच्या मालिका. या सांगण्यातून माझी स्वतःची मतं पार बदलली, म्हणून हा धागा.

आधी मालिका. मालिकेत मला सांगायला काही उरतच नाही. सून चहा घेऊन आली की "आई, चहा आणलाय" म्हणते. दार वाजलं की "एवढ्या रात्री कोण आलं असेल?" माणूस एकटा असला की मनातलं मोठ्याने बोलतो. मध्येच धाडकन संगीत, पुन्हा धाडकन, पुन्हा धाडकन. सुरुवातीला बाबा दचकून विचारायचे, "काय झालं गं?" मी सांगायचे, "काही नाही बाबा, तिघी एकमेकींकडे बघतायत." आता विचारत नाहीत. मला याचा राग येतो. घरातली सगळी माणसं समोर बसून बघतायत आणि त्यांना दाखवायला कुणाकडे काही नाही.

सिनेमाचं उलटं. २०१४ चा 'किल्ला' लावला. अविनाश अरुण यांनी दिग्दर्शनही केलंय आणि कॅमेराही त्यांचाच. वडील गेल्यानंतर आईच्या बदलीमुळे कोकणात आलेला मुलगा. पहिल्या वीस मिनिटांत माझा घसा सुकला. मी म्हणायचे, "तो उदास आहे." बाबा म्हणाले, "उदास आहे हे तू ठरवू नकोस. तो करतोय काय ते सांग." मग मी सांगायला लागले. दप्तराचा पट्टा धरून उभा आहे. बाकीची मुलं पुढे गेली, हा मागेच. समुद्र कुठल्या रंगाचा, तर हिरवट राखाडी, भिजलेल्या पाटीसारखा. किल्ल्यावर पाऊस येतो आणि पोरं त्याला टाकून जातात, तिथे मी बोलायची थांबले, कारण पाऊस आणि त्याच्या हाका दोन्ही त्यांना माझ्यापेक्षा जास्त नीट ऐकू येत होत्या. कधी गप्प बसायचं ते मला त्या सिनेमाने शिकवलं.

आणि 'सैराट'. २०१६ मध्ये मी थिएटरमध्ये पाहिला होता, शेवट ठाऊक होता, तरी तयारी केली नव्हती. आर्ची-परश्याच्या घरी माहेरची माणसं येतात, चहा होतो, आणि मग लहान पोर शेजारणीबरोबर परत येतं तिथे सिनेमाचा सगळा आवाज बंद होतो. पूर्ण बंद. बाबा म्हणाले, "नेट गेलं का गं?"

नेट गेलं नव्हतं. मूल दारातून आत गेलं होतं. मला ते शब्दांत सांगता येईना. बाबांनी माझा हात चाचपला, तो थंडगार होता. म्हणाले, "दोघांनाही?" मी हो म्हटलं. मग ते मूल बाहेर आलं, त्याची पावलं लाल उमटत गेली, तेवढं सांगितलं. नागराज मंजुळे यांनी तिथे आवाज काढून घेतला हे अतिशय बरोबर केलंय असं मला आजही वाटतं. पण त्या रात्री मला पहिल्यांदा कळलं की ती जागा फक्त डोळे असणाऱ्यांसाठी बांधलेली आहे.

तुमच्या घरी असं कुणी आहे का? कुठले सिनेमे ऐकायला चांगले? कुठली मालिका खरंच लिहिलेली वाटते?

पाचपाखाडी | रविवार, रात्री ११:३०

ताई, 'सैराट'चं वाचून थोडा वेळ फोन बाजूला ठेवला.

मालिकांबद्दल मात्र पटलं नाही. माझी सासू अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली, नजरही अधू. आम्ही दोघं नोकरीवर, मुलगी कॉलेजला. सात ते दहा त्यांच्या खोलीत टीव्ही चालू असतो आणि त्यातली माणसं एकमेकांना नावाने हाका मारतात, मनातलं मोठ्याने बोलतात, म्हणूनच त्यांना कळतं. 'आई कुठे काय करते' जवळपास पाच वर्षं चालली. त्या पाच वर्षांत त्यांना रोज कुणीतरी भेटत होतं. अरुंधती घर सोडून निघाली तेव्हा त्यांनी मला जवळ बोलावून सांगितलं, "तुला कधी तसं वाटलं तर आधी मला सांग." आमच्यात अठरा वर्षांत असं बोलणं झालं नव्हतं.

तुम्ही ज्याला फालतू बडबड म्हणता, ती कुणाची तरी काठी असते.

ऐकणारा | सोमवार, सकाळी ९:१०

मी साउंडमध्ये काम करतो. घोडबंदर रोडवरच्या सेटवर तीन वर्षं होतो, आता सिनेमाची कामं जास्त. दोघींचंही म्हणणं मला दिसतं, म्हणून आतली बाजू सांगतो.

रोजच्या मालिकेला दिवसाला एक एपिसोड काढावा लागतो. अर्ध्या तासाच्या स्लॉटला साधारण बावीस मिनिटांचा माल. बँक संपत आली, म्हणजे पुढचे तयार एपिसोड दोन-तीनच उरले, की सकाळी लिहिलेला सीन दुपारी शूट आणि रात्री एडिटला. अशा वेळी शांतता सगळ्यात महाग पडते. नुसत्या चेहऱ्यावर सीन तोलायचा तर नटाला वेळ लागतो, लाइटला वेळ लागतो. संवाद लगेच होतात. आणि वरून सांगितलेलं असतं की बाई ओट्यापाशी उभी राहून ऐकणार आहे, कुकरची शिट्टी होत असताना तिला गोष्ट कळली पाहिजे. म्हणून ते धाडकन. ती शिट्टीवर मात करायला ठेवलेली हाक आहे. आमच्याकडे तिचे पाच-सहा ठरलेले नमुने असायचे, फोल्डरमधून उचलायचे आणि लावायचे. मला त्याचा कंटाळा आला, म्हणून मी सोडलं.

सिनेमात आम्ही पावलं वेगळी करतो. फोली म्हणतात त्याला. कोल्हापुरी चपलेचं पाऊल वेगळं, रबरी स्लिपरचं वेगळं, शेणाने सारवलेल्या जमिनीवरचं वेगळं. एका पात्राच्या बांगड्यांसाठी आम्ही एकदा चार दुकानं फिरलो होतो. थिएटरमध्ये त्याच्याकडे कुणाचं लक्ष जात नाही. तुमच्या बाबांचं जात असेल. त्यांना एकदा विचारून सांगाल का? मला खरंच ऐकायचंय.

कायद्याचंही सांगतो, कारण फार जणांना ठाऊक नसतं. न दिसणाऱ्यांसाठी सिनेमासोबत वर्णनाचा वेगळा ट्रॅक असतो, त्याला ऑडिओ डिस्क्रिप्शन म्हणतात. संवादांच्या मधल्या फटींत निवेदक काय घडतंय ते सांगतो. २०२३ मध्ये 'पठाण'च्या वेळी दिल्ली उच्च न्यायालयाने ओटीटीवर येताना असा ट्रॅक आणि सबटायटल्स द्यायला सांगितले होते. मार्च २०२४ मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने थिएटरमधल्या सिनेमांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली. त्यात पहिला टप्पा एकाहून जास्त भाषांत प्रमाणपत्र घेणाऱ्या सिनेमांचा. आपला मराठी सिनेमा बहुतेक वेळा एकाच भाषेत येतो, म्हणजे तो त्या पहिल्या टप्प्यात बसतच नव्हता. राष्ट्रीय पुरस्कार आणि इफ्फी या चित्रपट महोत्सवासाठी पाठवायच्या सिनेमांना १ जानेवारी २०२५ पासून हे बंधनकारक केलंय.

नेरूळ पश्चिम | सोमवार, दुपारी २:०५

मी उलट्या बाजूने लिहिते. माझा मुलगा ११ वर्षांचा, दोन्ही कानांना मशीन. मराठी शाळेत शिकतो, मराठी झरझर वाचतो. सिनेमा लावला की खाली अक्षरं येतात ती इंग्रजीत. मराठी सिनेमा, मराठी मुलगा, आणि त्याने मराठी बोलणं इंग्रजीतून वाचायचं! 'नाळ' बघताना मी दर दोन मिनिटांनी थांबवून त्याला ओठांनी सांगत होते. त्याला चैत्या फार आवडला. पण चैत्या नेमकं काय म्हणाला, शब्दाने शब्द, ते त्याला हवं असतं. "तो आईला असं म्हणाला" हे चालत नाही. "कसं म्हणाला, ते लिही" म्हणतो. मग मी वहीत लिहिते. आमच्याकडे अशी दोनशेपानी वही आहे, 'नाळ'ची सोळा पानं.

वऱ्हाडी बोली इंग्रजी अक्षरांत कशी येणार? सगळीकडे एकच गुळगुळीत वाक्य. ज्यांनी संवाद इतके मन लावून लिहिले, त्यांना ते मराठीतच खाली छापावेसे कसे वाटत नाहीत? संहिता तर तयार असते ना हातात?

ऐकणारा | सोमवार, दुपारी ३:४०

नेरूळताई, असते. अगदी ओळीने ओळ असते. परदेशी महोत्सवांसाठी इंग्रजी करावंच लागतं, म्हणून ते होतं. मराठीचं कुणी मागितलं नाही, म्हणून होत नाही. माझ्या पुढच्या कामात मी विचारणार आहे.

चरईवाली | सोमवार, रात्री १०:१५

पाचपाखाडी, तुमचा प्रतिसाद मी आईला वाचून दाखवला. आई म्हणाली, "बघ, तुझ्या बाबांना तू आहेस, सगळ्यांना नसतं." मी मालिकांवर जे लिहिलं त्यातला राग तसाच आहे, पण तो बनवणाऱ्यांवरचा. तुमच्या सासूबाईंच्या सात ते दहाला मी नावं ठेवणार नाही. तरीही म्हणेन, त्यांनाच धरून एखादी चांगली लिहिलेली मालिका का नसावी? 'श्रीयुत गंगाधर टिपरे' सगळं बोलूनच चालायची. पाच माणसांचं घर, पाच वेगळे आवाज, पाच बोलण्याच्या तऱ्हा. बाबांना एकदाही "हे कोण बोललं?" विचारावं लागलं नाही. दिलीप प्रभावळकर नुसते खाकरले तरी आबा खोलीत आल्याचं कळतं. ती आठवड्यातून एकदा यायची, रोज नाही. बहुतेक सगळा फरक तिथेच आहे.

ऐकणारा, बाबांना विचारलं. ते म्हणाले, "सांग त्यांना, बांगड्या ऐकू येतात. काचेच्या आणि मेटलच्या वेगळ्या येतात." आणि एका सिनेमात (नाव लिहीत नाही) म्हातारी अनवाणी चालते असं मी सांगत होते आणि पाऊल चपलेचं वाजत होतं, ते त्यांनी तिथल्या तिथे धरलं.

आता 'कोर्ट'बद्दल लिहायचंच आहे. चैतन्य ताम्हाणे यांचा, २०१४ चा. सगळे म्हणाले ऐकायला कंटाळवाणा होईल, कारण कॅमेरा एका जागी ठेवून लांबलचक शॉट आहेत. आमच्या घरी सगळ्यात जास्त तो रंगला! न्यायाधीश साक्ष ऐकतात आणि टाइप करणाऱ्याला तेच नीटनेटकं करून सांगतात. बाबा उठून बसले. त्यांचं आयुष्य त्यात गेलंय. साक्षीदार काय म्हणतो आणि कागदावर काय येतं, यातली तफावत ते मला थांबवून दाखवत होते. सफाई कामगाराची बायको सांगते की नवरा मॅनहोलमध्ये उतरण्याआधी बघायचा, झुरळ बाहेर आलं तर आत हवा आहे. ती हे रडून सांगत नाही, भाजीचा भाव सांगावा तसं सांगते. बाबा म्हणाले, "अशाच बोलतात. खरी माणसं कोर्टात अशीच बोलतात."

मग कोर्टाला सुट्टी लागते, माणसं निघून जातात, दिवे बंद होतात आणि पडदा काळा. मी सवयीने सांगायला लागले, "आता अंधार झालाय, काहीच..." बाबा म्हणाले, "मग थांब. मलाही तेवढंच दिसतंय." तो काळा पडदा बराच वेळ राहतो. आम्ही दोघं गप्प बसून होतो.

घोडबंदरकर | मंगळवार, सकाळी ८:२०

तुमची तळमळ कळते, पण एक विचारतो. थिएटरमध्ये पण असं सांगता का? परवा माझ्या मागच्या रांगेत एक बाई पूर्ण वेळ शेजारच्याला गोष्ट सांगत होत्या. साडेतीनशेचं तिकीट काढून मला दोन सिनेमे ऐकावे लागले.

चरईवाली | मंगळवार, सकाळी ८:५०

त्या मी नव्हते, पण असू शकले असते. ठाण्यातल्याच एका मल्टिप्लेक्समध्ये मी बाबांना नेलं होतं, अगदी कानाशी बोलत होते. पुढच्या गृहस्थांनी दोनदा वळून पाहिलं, मध्यंतरात मॅनेजरला बोलावलं. मी सगळं सांगितलं. मॅनेजर म्हणाला, "मग घरी बघा ना मॅडम." त्या गृहस्थांची मान खाली गेली, ते बिचारे "राहू दे, राहू दे" म्हणायला लागले. बाबा उठले. बाहेर आल्यावर म्हणाले, "त्या माणसाचं काही चुकलं नाही. त्यानेही पैसे दिलेत."

चुकलं नाहीच. म्हणून तर तो वेगळा ट्रॅक हवा. कानात इअरफोनची बोंडं घालून बाबा आपलं ऐकतील, तुमचा सिनेमा तुम्हाला शांतपणे बघता येईल. आता मी कामाच्या दिवशी सकाळचा पहिला खेळ बघते, रांग रिकामी असते. 'दशावतार' तसाच पाहिला, सप्टेंबर २०२५ मध्ये.

घोडबंदरकर | मंगळवार, सकाळी ९:०५

वाईट वाटलं वाचून. मी मागे वळलो नव्हतो, पण वळणार होतो. बाबांना नमस्कार सांगा.

कोपरीकर | मंगळवार, संध्याकाळी ६:३०

तुमच्या वडिलांच्याच वयाचा आहे. आमची पिढी मुळात कानाने वाढली हो. मुंबई दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ ला आलं, त्याआधी आमचं थिएटर म्हणजे आकाशवाणी. 'पुन्हा प्रपंच'मध्ये नीलम प्रभूंच्या मीनावहिनी, प्रभाकर जोशींचे पंत आणि बाळ कुडतरकरांचे टेकाडे भाऊजी. तिघांचे चेहरे आम्ही कधी पाहिले नव्हते, पण टेकाडे भाऊजी दारातून आत आले की आमच्या मातोश्री हसत पदर सारखा करायच्या.

एक सुचवतो. त्यांना नाटकाला न्या. गडकरी रंगायतनला पुढून तिसरी-चौथी रांग घ्या. फळ्यांवरचं पाऊल ऐकू येतं, नट डावीकडून आला की उजवीकडून तेही कळतं, आणि सांगायला कुणी लागत नाही.

आणि 'श्वास' दाखवलात का? विचारावं की नाही कळेना, पण विचारतो.

चरईवाली | मंगळवार, रात्री ११:१०

काका, 'श्वास' मी मुद्दाम टाळत होते. बाबांनीच मागितला.

ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी: संदीप सावंत यांचा २००४ चा सिनेमा. 'श्यामची आई'नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचं राष्ट्रीय पारितोषिक मराठीला पुन्हा मिळालं ते याच सिनेमाने, मध्ये पन्नास वर्षं गेली. लहान मुलाच्या डोळ्यांना कॅन्सर आहे, जीव वाचवायचा तर डोळे काढावे लागणार. आजोबा ऑपरेशनआधी त्याला हॉस्पिटलमधून घेऊन जातात, शहर दाखवायला.

मला वाटलं होतं बाबा मुलाच्या जागी स्वतःला ठेवतील. ते पूर्ण वेळ आजोबांबद्दलच बोलत होते. अरुण नलावडे यांचा आवाज. "बघ, हा माणूस घाबरलाय तेव्हा त्याचा आवाज चढतो, आणि खूप घाबरलाय तेव्हा उतरतो." मुलाला आजोबा काय काय दाखवतात ते मी सांगत होते आणि मधेच माझ्या लक्षात आलं की ते दोघं जे करतायत तेच इथे सोफ्यावर चाललंय, फक्त दाखवणारी मी आहे. त्यापुढे माझा आवाज लागेना. बाबा म्हणाले, "थांब, पाणी पी. मी थांबतो."

सिनेमात रडवायच्या जागा किती असू शकल्या असत्या! सावंतांनी त्या घेतल्या नाहीत. वीस वर्षांनंतरही तो टिकून आहे याचं कारण मला तेच वाटतं.

येऊरची वाट | बुधवार, दुपारी १:००

'द डिसायपल' ऐकवा. ताम्हाणेंचाच, २०२० चा. नायक रात्री मुंबईच्या रिकाम्या पुलांवरून मोटरसायकलवर जातो आणि कानात माईंची, म्हणजे एका थोर गायिकेची, जुनी भाषणं. खाली तानपुरा. माईंचा आवाज सुमित्रा भावे यांचा आहे. पूर्ण सिनेमात माई दिसतच नाहीत. तिथे तुमचे बाबा आणि आपण सारखेच.

चरईवाली | शुक्रवार, रात्री ११:४०

येऊर, ऐकवला. माईंच्या प्रत्येक भाषणाला मी गप्प बसले आणि बाबा पुढे सरकून बसले. नंतर म्हणाले, "हा तर रेडिओच आहे, चित्रं तुमच्यासाठी घातलीत." त्यांना तो 'कोर्ट'पेक्षा उजवा वाटला. मला नाही. आमचं भांडण झालं, आई झोपायला निघून गेली.

आज मात्र वेगळंच झालं. त्यांनी 'जैत रे जैत' मागितला. १९७७ चा, जब्बार पटेलांचा, गो. नी. दांडेकरांच्या कादंबरीवरचा. बाबांनी तो तरुणपणी टॉकीजला पाहिलेला. मी बघितलेला नव्हता. लावला, तोंड उघडलं, तर म्हणाले, "आज मी सांगतो. तू डोळे मीट."

मी मिटले. ते सांगत गेले. लिंगोबाचा डोंगर, कड्याला लागलेली पोळी, खाली उभा नाग्या. मोहन आगाशे तेव्हा किती सडपातळ. स्मिता पाटील हसते तेव्हा आधी डोळे हसतात. मंगेशकरांची गाणी सुरू झाली की ते थांबायचे, कडवं संपलं की पुन्हा सांगायचे. दोन ठिकाणी त्यांचं सांगणं पुढे गेलं आणि प्रसंग मागून आला. एकदा मी हळूच डोळे उघडले. ते म्हणत होते डोंगर डावीकडे आहे, तो पडद्यावर उजवीकडे होता. मी पुन्हा मिटून घेतले.

नेरूळ पश्चिम | शनिवार, सकाळी ७:५०

चरईवाली, माझ्या मुलाला हे सगळं वाचायला दिलं. तो विचारतोय, आजोबा आमच्या वहीतलं 'नाळ' ऐकतील का? तो वाचून दाखवेल, मोठ्याने, त्याला सराव हवाच आहे. मधली चित्रं तुम्ही सांगा. रविवारी चारनंतर आम्ही मोकळे आहोत, नेरूळहून ठाण्याची लोकल थेट आहे. पत्ता इथे नको, निरोपात पाठवा.

चरईवाली | शनिवार, सकाळी ८:०५

पाठवला. बाबा विचारतायत, त्याला साबुदाण्याची खिचडी चालते का?